नांगराच्या खालचं

वेंडेल स्टॉफर म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. वकिलाची नोटीस टपालाने यायची होती, त्याच्या आदल्या दिवशी तो स्वतःच नेड्रा केटरमनच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात, आणि आत ये म्हटलं तरी आत येईना.

"उद्या तुला एक कागद येईल," तो म्हणाला. "माझ्याकडूनच आहे. आधी तोंडाने सांगावं म्हटलं."

"कसला कागद?"

"माझ्या शेताखालचा निम्मा गॅस तुझ्या डॅडींनी स्वतःकडे ठेवला होता ना, त्याचा. तुमच्याकडून वीस वर्षांत कुणी नोंद केली नाही, आणि मग कायद्याने तो जमीनमालकाला घेता येतो. आता तो माझ्या नावावर करून घेतोय. तुला हवा असेल तर दोन महिन्यांच्या आत कौंटीच्या कचेरीत जाऊन हक्क सांग. नको असेल तर काहीच करू नकोस."

एवढं बोलून तो निघून गेला. दुसरा कुणी असता तर वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात चार ओळी छापून मोकळा झाला असता. ओहायोच्या या डोंगराळ कोपऱ्यात असल्या नोटिसा पुष्कळ निघतात, आणि कुणी ढुंकून बघत नाही.

नेड्रा शाळेची बस चालवते. तिचा जन्म त्याच शेतावरचा. ती शाळेत असताना तिचे वडील एल्डन चाऱ्याच्या कोठारावरून पडले, पाठ मोडली, आणि शेत वेंडेलच्या वडिलांना, ऑरींना, विकावं लागलं. विकताना एल्डननी एकच हट्ट धरला: वरचं सगळं घे, पण जमिनीच्या पोटात जे काही असेल त्यातलं निम्मं माझं. पोटात दगडांशिवाय काही असेल असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ऑरी हसले आणि त्यांनी सही केली. पुढे एल्डन शाळेत सफाईचं काम करायला लागले, मुलीच्याच शाळेत. पोरं काहीबाही बोलायची. घरी येऊन ते म्हणायचे, "बोलू देत. त्यांच्या बापांना कुठे माहितीये, मी अजून जमीनदार आहे."

केटरमनांच्या नव्हे, नेड्राच्या माहेरच्यांच्या, म्हणजे ट्रुएक्सांच्या कबरी त्या शेतातल्या टेकडीवर आहेत. मे महिन्याच्या शेवटी सगळ्यांनी आपापल्या माणसांच्या कबरी साफ करायच्या, फुलं ठेवायची आणि तिथेच गवतावर बसून जेवायचं, ही इथली रीत. दर वर्षी जेवण झालं की एल्डन उठायचे आणि गवतात टाच आपटायचे. "इथून खाली आपलं."

"नक्की कुठून रे?" ऑरी मुद्दाम विचारायचे.

"तुझा नांगर थांबतो तिथून."

"म्हणजे तू मेलास की तुला तुझ्याच जागेत पुरायला लागणार!"

"निम्मा. कमरेखालचा तुझ्या वाट्याला."

दर वर्षी हाच विनोद, आणि दर वर्षी दोघं म्हातारे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे.

नोटीस आली. नेड्राने ती फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली आणि रोज तिच्याकडे पाठ करून स्वयंपाक केला.

"राणीसाहेब, तेच पातेलं किती घासणार?" नवरा मर्ल टेबलाशी बसून म्हणाला. मर्ल कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला. खाणीने त्याची छाती खाल्ली, जीभ मात्र शाबूत ठेवली. "चालून आलंय, तर हो म्हणायला काय जातं?"

"वेंडेलचं जातं. गॅसची विहीर पाडतील ती त्याच्या शेतात."

"आणि खालचं तुझ्या डॅडींचं. मी तीस वर्षं खाली होतो, नेड्रा. तिथे कुणाच्या नावाची पाटी नसते."

"मग तू काय म्हणतोस, करू नोंद?"

"मी कुठे काय म्हणतोय? मी कॉफी पितोय."

त्या घरात न्हाणीघर वरच्या मजल्यावर आहे, आणि मर्लला जिन्यात दोनदा थांबून दम घ्यावा लागतो. गॅसच्या पैशांतून खाली एक न्हाणीघर बांधता आलं तर किती बरं, हे दोघांच्याही मनात असायचं आणि दोघंही ते बोलायचे नाहीत.

सकाळी बस घेऊन जाताना नेड्राला हफमनांचं घर लागतं. त्यांच्या शेजारी गॅसची विहीर झाली आणि वर्षभरात त्यांच्या पाण्याला वास यायला लागला. विहिरीमुळे आला की आणखी कशामुळे, यावर अजून वाद चाललाय. तोवर अंगणात ही मोठी प्लास्टिकची टाकी उभी आहे आणि प्यायचं पाणी ट्रकने येतं. त्यानंतर वेंडेलच्या शेताची वाट, आणि वर ती टेकडी. टेकडीच्या पायथ्याशी झरा आहे. नेड्रा लहानपणी त्याचंच पाणी प्यायली आणि वेंडेलच्या घरी आजही तेच पाणी आहे. शिवाय टेकडीवरचं गवत वेंडेल आपणहून कापतो, एल्डन गेले तेव्हापासून. अशा माणसाच्या दारात ट्रकांची रांग लावायची? तिच्या जिवाला ते पटेना. नोटीस तिने फ्रिजवरून काढली आणि खणात टाकली. ठरलं. सोडून द्यायचं. वेंडेलच्या हाती सगळं असलं की टेकडीला कुणी हात लावणार नाही.

ठरवल्यावर तिला बरंही वाटलं. दोन आठवडे ती मनातल्या मनात संत होऊन वावरत होती.

मग कबरींचा दिवस आला. तिने पिओनीची फुलं कॉफीच्या रिकाम्या डब्यांत घातली, हॅम घेतलं, मसाला भरलेली अंडी घेतली, आणि मर्लला हाताला धरून हळूहळू टेकडीवर नेलं. वेंडेल गवत कापायच्या मशीनवर बसून अर्ध्यापर्यंत आला होता. ती त्याच्यापाशी गेली.

"वेंडेल, मी काही नोंद करत नाही. ठेव तू. या झऱ्याला आणि टेकडीला हात लागू नये, एवढंच मला हवंय."

वेंडेलने मशीन बंद केलं. आयता घास तोंडाशी आला होता. गप्प बसला असता तरी चाललं असतं. वर आभार मानून घरी गेला असता.

"तुझा गैरसमज झालाय," तो म्हणाला. "मी गॅस कंपनीला देणार आहे, नेड्रा. ते म्हणाले, आधी त्या निम्म्याचं मिटवा, मग सही. म्हणून तर हे सगळं."

"तू?"

"मीच. गुडघे गेले माझे. मार्चमध्ये गाई विकल्या. पोरगा काही परत यायचा नाही."

"आणि झरा?"

"विहीर रस्त्यापलीकडे पाडतील, म्हणतात." जरा थांबून तो पुन्हा म्हणाला, "म्हणतात."

नेड्राला राग आला. वेंडेलचा नाही, स्वतःचा. न विचारता, न सवरता कुणाचं तरी भलं करायला निघाली होती. ती तशीच डॅडींच्या कबरीपाशी गेली आणि फुलं ठेवायला वाकली.

एल्डनना पुरलं तेव्हा फेब्रुवारी होता आणि जमीन गोठलेली. खड्डा ऑरी आणि वेंडेल, बापलेकांनी खणला. शेवटी ऑरींनी फावड्यावर रेलून खाली बघितलं आणि म्हणाले, "घे, एल्डन. पोचलास एकदाचा आपल्या जागेत." रडता रडता सगळे हसले होते. नेड्रासुद्धा.

आणि आता तिने नुसतं गप्प बसायचं, की न हलता डॅडी परक्याच्या जागेत जाणार. आयुष्यभरात त्या माणसाने एवढंच राखलं होतं.

ती उठून परत आली. "उद्या मी कचेरीत जाते," ती म्हणाली. "पोरांना शाळेत सोडलं की."

"जा."

"रागावलास?"

"निम्मं जातंय म्हटल्यावर राग येणारच. संध्याकाळपर्यंत राहू दे."

"सही दोघांनी बरोबर करायची. आणि झरा, टेकडी, दोन्हींना हात लावायचा नाही, असं लिहून घ्यायचं. नाहीतर मी सही करत नाही. बसू दे कंपनीला वाट बघत."

वेंडेलने टोपी काढून कपाळ पुसलं. "तेच मी त्यांना सांगत होतो," तो म्हणाला. "एकट्याचं कोण ऐकतंय."

"अंडी संपत आली बरं का," मर्लने पलीकडे गवतात बसल्या बसल्या हाक मारली. संपवणारा तोच.

नेड्राने डॅडींच्या कबरीशेजारी टाच उचलली, आपटायला. मग हळूच टेकवली.

"इथून खाली आपलं," ती म्हणाली.

"निम्मं," वेंडेल मागून म्हणाला, आणि उरलेलं गवत कापायला त्याने मशीन सुरू केलं.