अक्का गाडीत बसेपर्यंत

धर्माबादच्या मोंढ्यात मिरचीच्या ढिगापाशी शिंकत उभा होतो, तेव्हा भाच्याचा फोन आला. "मामा, आप्पा लिंगैक्य झाले." सकाळचा चहा पिऊन दुकानाच्या ओट्यावर बसले, आणि बसले ते बसलेच... जळकोटचे मन्मथआप्पा, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक, म्हणजे माझे दाजी. आम्हा लिंगायतांत देह बसवून समाधी देतात. जळकोटला पोचलो तेव्हा त्यांना तसं बसवून हात मांडीवर ठेवले होते, पण मला ते स्टिअरिंग धरल्यासारखेच दिसले आणि मी सगळ्यांदेखत हंबरडा फोडला. साठी उलटलेला माणूस मी, पण दाजींसाठी रडायला लाज कसली? आता महिना होऊन गेलाय, आणि गंमत अशी की त्यांची आठवण निघाली की आधी हसूच येतं.

दाजींचं भांड्यांचं दुकान. आठवडी बाजाराला ते जुन्या पिकअपमधून पातेली, घागरी घेऊन निघायचे आणि शेजारच्या सीटवर अक्का असायचीच. गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची ती, भांडी बांधून द्यायचे दाजी. गाडी इतकी जुनी की ओळखीचे लोक तिला आजीबाई म्हणत. पुढे पुढे तिचं स्टिअरिंग ढिलं पडलं. आपण फिरवावं आणि गाडीनं जरा विचार करून मग वळावं, असा कारभार! एकदा कंधारहून येताना तिनं जरा जास्तच विचार केला, आणि भांड्यांसकट दोघं तुरीच्या रानात. लागलं कुणालाच नाही. पण अक्का खाली उतरली, पदर झटकला आणि म्हणाली, "आता या गाडीत मी बसायची न्हाई. तुमचं तुम्ही जावा."

आणि खरंच बसली नाही. सोमवारी खिडकीतून हात घालून स्टिअरिंगच्या मधोमध भस्माचे तीन आडवे पट्टे तेवढे ओढायची आणि घरात निघून जायची. दाजी एकटेच बाजार करू लागले. एकदा मला म्हणाले, "शिवा, लई बेकार वाटून राहिलंय बघ. गाडीत बोलायला कुणी न्हाई, भांडायला कुणी न्हाई." मी म्हटलं, "दाजी, नवी गाडी घ्या की." तर असे बघितले माझ्याकडे, जसं काही मी नवी बायको करा म्हटलं!

उदगीरच्या मिस्त्रीनं गाडीखाली शिरून रोग सांगितला. स्टिअरिंगची वरून येणारी दांडी आणि खालचा गिअरबॉक्स, या दोघांना जोडणारं एक कपलिंग असतं. त्यात तळहाताएवढी रबरी चकती. ती चिरली होती, बोल्टांची भोकं लांबट झाली होती. नवीन माल मिळेना. मग मिस्त्रीनंच सुचवलं की डाळमिलचा जाड कॅनव्हासचा पट्टा कापून चकती करा, आरामात चालेल. त्यानं ती कापून, भोकं पाडूनही दिली. बसवणार मात्र दाजी स्वतः. "माझी बायको बसणार हाय त्यात, बोल्ट मीच आवळणार."

अंगणात आम्ही दोघं कामाला लागलो. दांडी काढण्याआधी तिच्यावर आणि कपलिंगवर खूण करायची असते, म्हणजे परत दातात दात जिथल्या तिथं बसतात. मी म्हटलं, खडू आणतो. दाजींनी खिशातून भस्माची वडी काढली. "खडू कशाला? ही हाय की. शुभ असतं." ओढली रेघ. मग सगळं सुटं करून त्यांनीच रॉकेलमध्ये लख्ख धुतलं... आणि रेघही धुतली! अंदाजानं बसवलं. बोल्ट आवळले, गाडी गल्लीत फिरवून आणली. स्टिअरिंग असं घट्ट की नुसतं बोट लावावं आणि चाकानं ऐकावं. दाजी खुशीत. "अगं ये, बघ तर!"

अक्कानं दार उघडलं. चाकं सरळ, पण स्टिअरिंग पाव फेरा वळलेलं, आणि त्यावरचे भस्माचे पट्टे उभे! "अवं, हे काय करून ठेवलं? म्हादेवाच्या गाडीला उभं गंध?" आणि ती जी हसायला लागली ती पायरीवरच बसली. पण गाडीत काही बसली नाही. "आधी सरळ करा."

"चालवायला काही फरक पडत न्हाई गं."

"मला पडतो."

दाजी मुकाट्यानं परत गाडीखाली शिरले. सगळं नव्यानं उलगडलं, जुळवलं. अक्का कमरेवर हात ठेवून बघत उभी. शेवटी तिनं खिडकीतून स्टिअरिंग दोन्ही हातांनी गदागदा हलवलं, घागर घेताना ठोकून बघते तशी, आणि वळसा घालून जाऊन आपल्या जागेवर बसली. त्या दिवशी बाजार नव्हता. तरी दोघं उगाच जाऊन आली. पुढं कितीतरी वर्षं तशीच जात राहिली, गाडीत भांडत.

परवा जळकोटला गेलो, तर अक्का म्हणाली, "शिवा, समाधीला जायचंय. चल, गाडी काढ." भाच्याची नवी मोटार दारात उभी होती, पण ती पिकअपकडेच गेली. मी चालवायला बसलो तर गुडघे डॅशबोर्डला. दाजी बुटके, त्यांनी सीट पार पुढं ओढून ठेवलेली. मागं सरकवायला खाली दांडा शोधू लागलो, तेवढ्यात अक्काचा हात माझ्या मनगटावर आला.

"राहू दे की रे."

राहू दिलं. समाधीपर्यंत पोटाशी गुडघे घेऊन गाडी चालवली.