नान्नांचा घोडा

नान्नांच्या घोड्याची शेपूट मी काढली आणि कौतुक त्यांना मिळू दिलं. ऐकायला हे चांगुलपणाचं वाटतं. तसं ते नव्हतं.

नान्ना म्हणजे माझे वडील. सत्तरच्या दशकात ते सोलापुरातल्या एका चादरींच्या कारखान्यासाठी नक्षी काढायचे. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन लाल रंगानं भरायचा. त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पडायची आणि मागावर तसंच चित्र उतरायचं. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, नक्षीचं बोलणं मात्र मराठीतच चालायचं. एका वर्षी मालकांना चादरीच्या काठावर धावता घोडा हवा होता. एकामागं एक आठ घोडे, प्रत्येकाचे पाय जरा पुढं गेलेले.

नान्नांची तपासायची रीत होती. प्रत्येक घोडा आधी तळहाताएवढ्या तुकड्यावर काढायचे, सगळे तुकडे एकावर एक धरायचे आणि अंगठ्यानं भरभर सोडायचे. घोडा पळायचा! कुठं अडखळला की म्हणायचे, "लंगडतोय गं. खूर बघ त्याचा." मग चुकलेला चौकोन ब्लेडनं खरवडायचा, शेजारचा भरायचा, पाठीवरच्या पायऱ्या मोडून गोलाई आणायची. मॅट्रिक झाल्यावर ही साफसफाई माझ्याकडं आली.

या घोड्याच्या वेळी माझ्या लक्षात आलं की नान्नांच्या चुका कागदाच्या डाव्या कडेलाच होतायत. तोंड, आयाळ, पुढचे पाय जागच्या जागी. मागचा पाय मात्र अर्धाच आणि शेपटीचा पत्ताच नाही. नान्ना तुकडे सोडून बघायचे आणि समाधानानं मान हलवायचे.

दुपारी ते आडवे झाले की मी गुपचूप कुंचला घेऊन बसायचे. खरं सांगते, मजा यायची. आठही घोड्यांना मी असे मागचे पाय दिले की कुठं धक्का म्हणून लागेना. मालक म्हणाले, "मास्तर, हात अजून तसाच हाय की तुमचा!" तेव्हा मी दारामागं उभी राहून गालातल्या गालात हसले.

घरात नान्नांचा डावा खांदा दाराला धडकत होता, डावीकडचा तांब्या लवंडत होता. यांना नीट दिसत नाही वाटतं, डॉक्टरला दाखवू या, असं आई म्हणाली. मी म्हटलं, डोळे बिघडले असते तर एवढा बारीक घोडा काढला असता का? आणि घोड्यांच्या तुकड्यांची गड्डी तिच्या हातात दिली. तिनं अंगठ्यानं सोडली. घोडा झकास पळाला, आणि आईनं डॉक्टरचा विषय सोडला.

नान्नांचं काम सुटेल ही भीती होती, हे खोटं नाही. पण माझी चलाखी उघडी पडेल, हीही होती. त्यातली मोठी कुठली, हे अजून मला सांगता येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात समोरचंही अंधारायला लागलं तेव्हा सात रस्त्याजवळच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू निघाला. "कडेचं दिसणं कधीपासून कमी झालंय?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, आत्ताआत्ताच. मी फरशीकडं बघत राहिले. गेलेली नजर परत येत नाही, लवकर आणलं असतं तर उरलेली राखता आली असती, असं ते म्हणाले. मला त्या भल्या माणसाचाच राग आला. दुसऱ्या कुणावर काढणार?

नान्नांची नजर पुरती गेल्यावर एकदा त्यांनी ती गड्डी मागितली. मी आणून दिली. गालाजवळ धरून त्यांनी अंगठ्यानं तुकडे सोडले. कागदांचा वारा त्यांच्या तोंडावर आला.

"पळतोय न्हवं?"

"पळतोय की, नान्ना."

"माझा घोडा कदी लंगडला न्हाय बघ."

"न्हाय, नान्ना," मी म्हणाले. त्यांनी गड्डी सारखी केली आणि पुन्हा सोडली.