हिरवा चुडा आणि आण्णाची हातोडी

वहिनीचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजामागं लेथची घरघर ऐकू येत होती. "वन्सं, ह्ये पडल्यात. उठंनात." मी पहिल्यांदा ओरडले, "आधी मशीनचं बटन बंद कर." आण्णाला काय झालं, हे त्यानंतर विचारलं. आमच्या घरात हाच क्रम होता, आणि तो आण्णानंच मारून मारून शिकवला होता...

आण्णा माझा थोरला भाऊ. कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोट्या शेडमध्ये लेथवर स्क्रूचे आटे पाडायचा. वडील लवकर गेले, हाताखाली माणूस टिकेना, म्हणून त्यानं मला मशीनपुढं उभं केलं. आटे एका दमात पडत नाहीत. कापणारं टूल पुन्हा पुन्हा त्याच खाचेतून न्यायचं, दर वेळी केसभर खोल, आणि खाच संपते तिथं झटक्यात मागं ओढायचं. उशीर झाला की टूल मोडतं. मला उशीर झाला की आण्णाची स्टीलची पट्टी बोटांच्या पेरांवर बसायची. आण्णा गेल्यापासून भेटायला येणारे सांगतात, आण्णा म्हणजे फणस, वरून काटे आणि आत गरे. मी ऐकून घेते. मला काट्यांचीच ओळख जास्त आहे.

लग्नानंतर शिरोळहून पहिल्यांदा माहेरी आले, ती मनगटं भरून हिरवा चुडा घालून. उसाचा हंगाम होता, गुऱ्हाळाच्या चरकाचे स्क्रू अडून राहिले होते. आण्णा जेवायला गेलेला बघून मी सवयीनं मशीन चालू केलं. तो दारात आला. माझ्या बांगड्यांकडं आणि लोखंड पकडून गरगरणाऱ्या चककडं त्यानं एकदा पाहिलं. केसाला धरून मला मागं ओढलं, हात ऐरणीवर दाबला आणि हातोडीनं बांगड्या फोडल्या. मग दुसऱ्या हातातल्या. काचा मनगटात घुसल्या, लोखंडाच्या बुऱ्यावर रक्त सांडलं. आमच्याकडं बांगडी फुटली असं तोंडानं म्हणतही नाहीत, वाढली म्हणतात. यानं माझा नवरा जिवंत असताना नव्या नवरीचा चुडा ठेचला. आई कपाळ बडवत राहिली.

दुसऱ्या दिवशी माझा नवरा भावांना घेऊन आला. "मी मेलोय व्हय? जित्ता हाय की मी," म्हणत त्यानं आण्णाच्या तोंडावर ठोसा मारला. आण्णानं त्याला भिंतीवर आपटलं. मग ओठातलं रक्त थुंकून त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, मशीन चालू केलं आणि टॉवेलचं टोक चकला लावलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत मशीननं टॉवेल ओढून, पिळून, फाडून टाकला.

"ह्यो तिचा हात," आण्णा म्हणाला. "हातच न्हाई ऱ्हायला तर चुडा कुठं भरणार, पावणं?"

नवऱ्याला पटलं. सासूला नाही. तिनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, आणि आम्ही दोघं कोल्हापुरातच राहिलो.

आण्णानं माझा हात वाचवला, हे खरं. बटन बंद करून "बांगड्या काढ" म्हणाला असता तरी वाचला असता, हेही खरं. त्याच्या तोंडून एकदा "चुकलं" ऐकायचं होतं मला. दर भाऊबीजेला ओवाळताना मी वाट बघायची. तो ताटात साडी ठेवायचा आणि माझ्या मनगटावरचे वण सोडून सगळीकडं बघायचा. मला त्याचा राग येतो. आणि तो नाही म्हणून घास उतरत नाही...

परवा शेड उघडली. चकमध्ये त्याचा शेवटचा स्क्रू तसाच होता, आटे निम्मेच खोल. पुरा करणं मला अवघड नव्हतं. पण नवा कट मारला की आधीचा खरवडला जातो, म्हणजे आण्णाच्या हातचं जे काही होतं ते बुऱ्यात जाणार. टूल टेकवलं आणि मागं घेतलं. तेवढ्यात स्क्रूचं गिऱ्हाईक दारात आलं.

"थोडंच ऱ्हायलंय की, ताई. द्या करून."

"न्हाई मिळणार. दुसरीकडनं करून घ्या."

"का वो?"

"त्याचं माझं भांडण मिटलं न्हाई अजून."