ऑफिसातून थांबवलेला गजर

बाबांच्या भजनाचा गजर मी मध्येच बंद केला आणि दोष त्यांनी स्वतःवर घेतला तेव्हा गप्प बसलो. हे आधीच सांगतो, कारण बाकीचं बरंचसं अभिमानाचं आहे.

लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला. नव्या घरात मी मनासारखा सेट जोडला: अ‍ॅम्प्लिफायर, दोन उंच स्पीकर आणि वायफायवरचा म्युझिक प्लेअर. प्लेअरला बटणंच नाहीत, सगळं मोबाइलवरून किंवा टॅबवरून. ऑफिसातूनही तो चालवता येईल अशी सोय मी व्हिडिओ बघून, डोकं शिणवून केली होती.

बाबा गिरणीत असताना चाळीतल्या गाववाल्यांच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्यांच्या जुन्या कॅसेटी मी प्लेअरवर चढवल्या. पहिल्यांदा ऐकताना ते म्हणाले, त्या दिवशी पखवाजाच्या डाव्या अंगाला लावायची कणीक जरा जास्त लागली होती. इतकं स्वच्छ वाजत होतं. माझी छाती फुगली. टॅब चालवायलाही ते माझ्याकडून हट्टानं शिकले.

एका दुपारी त्यांनी मंडळातल्या म्हाताऱ्या दोस्तांना ऐकायला बोलावलं. मला माहीत नव्हतं. ऑफिसात सहज अ‍ॅप उघडलं, तर आवाज पार वर गेलेला. भजनाचा गजर चढत जातो तसा बाबांनी आवाजही चढवला होता. मला फक्त माझे स्पीकर फाटताना दिसले. मी थांबवलं. त्यांनी पुन्हा लावलं. मी पुन्हा थांबवलं.

पुढचं बायकोनं सांगितलं. एक बुवा म्हणाले, "काय रे, तुझ्या झिलाचा मशीन आमका बघून लाजला काय?" सगळे हसले. झिलानं, म्हणजे मुलानं, हे सगळं एकट्यानं जोडलंय, असं बाबा नुकतंच त्यांना सांगत होते. दोस्त चहा पिऊन निघून गेले.

संध्याकाळी बाबांनी टॅब पंच्यात गुंडाळून माझ्यासमोर ठेवला. "माझ्याच हातान कायतरी दाबला गेला. मशीन बिघडला नाय ना, बघ."

मी बघतो म्हणालो. शिवाय वाकून वायरी तपासल्यासारखं केलं.

त्यानंतर त्यांनी टॅबला हात लावला नाही. मीच काही लावलं तर ऐकायचे, पण खुर्ची सेटपासून लांब ओढून. आपल्या धक्क्यानं काही होईल म्हणून. चारचौघांत पखवाज घुमवणारा माणूस माझ्या घरात माझ्या वस्तूला भिऊन बसला होता, आणि खरं काय ते मला एकट्यालाच माहीत होतं.

शेवटी एका रविवारी मीच फोन करून त्या सगळ्यांना बोलावलं. बुवा बसता बसता म्हणाले, आज तरी गजर पुरा होणार का? बाबांनी खुर्ची सेटपासून आणखी लांब ओढली. नुसतं भजन लावून मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलंही. पण बाबांचं हसं सगळ्यांसमोर झालं होतं. मी टॅब बाबांच्या मांडीवर ठेवला.

"बाबा, त्या दिवशी तुमच्या हातून काही झालं नव्हतं. ऑफिसातून मीच बंद केलं, दोनदा. आणि नंतर तुमच्यासमोर वायरी तपासायचं नाटक केलं. माझं चुकलं. मला माफ करा."