चंद्राबाईचे श्वासपटल

चंद्राबाईची व माझी ओळख कामतघरच्या प्रौढ साक्षरता वर्गात झाली. आम्ही दोघी एकाच सतरंजीवर बसत असू. तिने एकवीस वर्षे लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या होत्या. कापसाच्या धुळीने तिचा दम आखडला होता. तिला वाकता येत नसे व उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. म्हणून मुकादमाने तिला घरी बसविले होते. सुनेच्या हातचे बसून खाणे तिला सोसत नव्हते. कामावर परत जाणे, एवढीच तिची इच्छा होती.

दवाखान्यातील व्यायामाच्या बाईंनी आम्हांस समजाविले की छाती व पोट यांच्यामध्ये स्नायूचा पडदा असतो, त्यास श्वासपटल म्हणतात. तो आखडला की बरगड्या, कंबर, खांदे सर्व जखडतात. चंद्राबाईच्या पाठीमागे बसून शेवटच्या बरगड्यांच्या कडेखाली बोटे कशी घालावी आणि तिने श्वास सोडताना हलकेच कसे ताणावे, हे त्यांनी मला शिकविले. त्या असेही म्हणाल्या, "याने अंग मोकळे होईल. फुप्फुसाचा आजार जाणार नाही. धुळीत जाऊ नका."

मी रोज सकाळी तिच्याकडे जाऊ लागले.

"आगो हौसाताई, बरगडी हाय ती, भाकरीचं पीठ न्हाय मळायला!" ती ओरडे.

"गप बस. दम बोलण्यात घालवू नको," मी म्हणे.

दीड महिन्याने तिने आपला अंबाडा आपण बांधला. मग फळीवरचा पिठाचा डबा काढून माझ्यापुढे आदळला. "सांग मुकादमाला, म्हातारी लूमपेक्षा जोरात चालतीय म्हणून!"

हात वर गेला म्हणजे आजार गेला, असे मी धरून चालले. बाईंचे बोलणे मी विसरले नव्हते. मी ते मानले नाही. धामणकर नाक्याजवळच्या तिच्या जुन्या कारखान्यात जाऊन मीच तिच्यासाठी शब्द टाकला. तिला दिवसाची शिफ्ट मिळाली.

कामाच्या पाचव्या महिन्यात तिने अंथरूण धरले. माझ्या बोटांखाली बरगड्या सैलच होत्या, परंतु आत हवा मावत नव्हती. अकराव्या दिवशी ती गेली.

त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिला सांगितले की तुला कामावर लावण्याची चूक माझी आहे. ती बराच वेळ दम गोळा करीत राहिली.

"ते राहू दे," ती म्हणाली. "मागं बस. आज ताणू नको. नुसता हात ठेव."