ओट्यावरची वेणीफणी

माझा नवरा जिवंत असताना माझ्या सासूने माझं डोकं भादरवलं. ही गोष्ट मी विसरले नाही, आणि विसरावी असं मला कधी वाटलंही नाही. पुढे पुष्कळांनी समजावलं, झालं गेलं सोडून दे, बाई अडाणी होती. अडाणी होती हे खरं. पण तिला माझी दया आली नव्हती, हेही खरं.

आमचं घर जळगावला, मेहरूणच्या वाटेवर. वडील कचेरीत कारकून होते. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. मी चौदा वर्षांची असताना माझ्या उजव्या कानामागे एक चट्टा उठला. खाली लाल आणि वर अभ्रकासारखी चमकणारी खपली. ती नखाने काढली की खालून रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे थेंब यायचे. वर्षाच्या आत सगळं डोकं भरलं. आईने आधी कोंडा समजून दही लावलं, मग कडुनिंबाच्या पाल्याने धुतलं, शेवटी करंजाच्या तेलावर आली. त्या तेलाने खपल्या मऊ पडायच्या, पण वास इतका उग्र की वर्गातल्या मुली माझ्यापासून सरकून बसायच्या. थंडीत डोकं तडकायचं, उन्हाळ्यात निवळायचं. आई मला धाब्यावर उन्हात बसवून फणीने एकेक भांग मोकळा करायची आणि कोणी शेजारीण जिना चढताना दिसली की झटकन माझ्या डोक्यावर पदर ओढायची.

लग्न ठरलं तेव्हा तिने मुलाकडे हे सांगितलं नाही. "सांगितलं तर कोण करील?" म्हणाली. मला तेव्हा ते पटलं होतं. आजही आईला दोष द्यायला जीभ वळत नाही.

सासर धुळ्याच्या पलीकडे, साक्रीच्या रस्त्यावरच्या एका गावात. घरची शेती चांगली, बैल दारात, दाणा घरात. सासरे नव्हते. विधवा सासू, तिचा एकुलता मुलगा म्हणजे माझा नवरा, आणि माझ्याहून तीनेक वर्षांनी लहान नणंद. गावची बोली अहिराणी. मला सुरुवातीला निम्मी कळायची नाही. मी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून न्हाणीत डोकं धुवायची, खपल्या पाण्याबरोबर मोरीतून जाऊ द्यायची आणि केस ओले असतानाच अंबाडा घट्ट बांधायची. खांद्यावर भुगा पडला तर दिसू नये म्हणून फिकट रंगाची लुगडी नेसायची. नवऱ्याला माहीत होतं. त्याने एकदाच विचारलं होतं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "लहानपणापासून आहे." तो काही बोलला नाही. मला वाटलं, चांगला माणूस आहे.

पहिली दिवाळी माहेरी व्हायची, पण नानांना ताप आला म्हणून मी सासरीच राहिले. नरकचतुर्दशीला घरातल्या बायका एकमेकींच्या डोक्याला तेल लावत होत्या. मी नको नको म्हणत होते. नणंद हसत हसत मागून आली आणि तिने माझा अंबाडा सोडला. मग तिचं हसू थांबलं.

"ओ माय! वहिनीनं डोकं सडी गयं!"

सासू धावत आली. तिने केसांत बोट घातलं नाही, लांबूनच वाकून पाहिलं आणि मुलीला मागे ओढलं. "दूर व्हय! हात धुई ले. बठ्ठा घरले लागी जाई!" हे ती दारात जाऊन पुन्हा ओरडली. शेजारच्या बायका जमल्या. रक्तपिती आहे, महारोगच तो, कुणी म्हणालं. फसवून दिली, कुणी म्हणालं. सासू प्रत्येकीला तेच सांगत होती, साऱ्या घराला लागेल, साऱ्या घराला लागेल.

दुपारी माझं ताट वेगळं झालं. दोन दिवस मी गोठ्यात झोपले. तिसऱ्या दिवशी तिने न्हाव्याला बोलावलं. केस काढून बिब्बा घातला की रोग जळून जातो, असं तिने आपल्या मनाशीच ठरवलं होतं. न्हावी म्हातारा होता. त्याने माझ्या कपाळावरचं कुंकू पाहिलं आणि वस्तरा काढेना.

"अक्का, भाऊ जित्ता शे ना? मंग बाईनं डोकं कसं करू?"

"रोग शे तिले. तू कर तुन्हं काम."

मी उठून पळायला लागले. तेव्हा माझ्या नवऱ्याने माझे खांदे धरले. आईला त्याला तसं सांगावं लागलं नाही. तो स्वतःहून पुढे आला, मागून दोन्ही खांदे धरून त्याने मला खाली बसवलं आणि न्हावी उठेपर्यंत हात काढले नाहीत. तो रडत होता असं मला नंतर नणंदेने सांगितलं. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं; हात मात्र घट्ट होते.

बिब्ब्याचं तेल सासूने काठीला चिंधी गुंडाळून लावलं. संध्याकाळपर्यंत डोकं फोडांनी भरलं, डोळे सुजून बंद झाले. मी मरेन अशी तिला भीती वाटली असावी, कारण दुसऱ्याच दिवशी मला बैलगाडीत घालून धुळ्याच्या स्टेशनावर पाठवलं. सोबतीला गडी दिला, नवरा आला नाही. चाळीसगावला गाडी बदलायची होती. तिथल्या बाकावर एक म्हातारी माझ्याशेजारी येऊन बसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "एवढीशी पोर! कधी गेला गं?" मी म्हटलं, "गेला नाही. मजेत आहे." तिने हात काढून घेतला. त्या बाकावर मी ठरवलं की सासरच्या या माणसांना मी सोडणार नाही. कसं, ते माहीत नव्हतं.

जळगावला नाना मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तिशीतले होते, मुंबईला शिकून आलेले. त्यांनी आधी फोड बरे केले. मग खपल्या पुन्हा दिसायला लागल्या तेव्हा खिडकीशी बसवून डोकं नीट पाहिलं, माझी नखं पाहिली, कोपरं पाहिली. कोपरावरचा कोरडा चट्टा मी कधी मनावरच घेतला नव्हता.

"याला सोरायसिस म्हणतात," ते म्हणाले. "रक्तपिती नाही. कोणाला लागत नाही. पाहा, मी हाताने चाचपतोय आणि हेच हात घेऊन दुपारी घरी जेवायला जाणार."

"जाईल का?" नानांनी विचारलं.

"जाणार नाही. येईल, कमी होईल, परत येईल. पण ताब्यात ठेवता येतं." मग ते माझ्याकडे वळले. "एक लक्षात ठेव. जिथे जखम होईल तिथे हा नवा उठतो. नखाने ओरबाडायचं नाही. आणि तो बिब्बा ज्याने लावला त्याने तुझा रोग वाढवला, बरं का."

कपाळाच्या कडेने, जिथे आधी काहीच नव्हतं, तिथे बिब्ब्याच्या जखमांवर चट्ट्यांची ओळ उठली होती. ती पुढे कायम राहिली.

त्यांनी दिलेलं मलम डांबराचं होतं, काळं आणि रस्त्यासारख्या वासाचं. रात्री कोमट तिळाचं तेल जिरवायचं, फडकं बांधून झोपायचं. सकाळी मऊ झालेल्या खपल्या फणी आडवी धरून उचलायच्या, ओढायच्या नाहीत. मग साबणाने धुऊन भांगाभांगातून मलम. केस वाढत होते तसं ते अवघड होत गेलं, पण मी एक दिवस चुकवला नाही. आईला वाटायचं मी नांदायला जायची तयारी करते आहे. "मन लावून करतेस गं," ती म्हणायची. मी मन लावूनच करत होते. मला तिथे उभं राहायला डोकं शाबूत हवं होतं.

केस खांद्याला लागले तेव्हा बातमी आली की सासू मुलासाठी दुसरी मुलगी पाहते आहे. नाना म्हणाले, "बरं झालं, सुटलीस."

मी म्हटलं, "मला सासरी पोचवा."

"अगं, तिथे कशाला आता?"

"माझं तिथे काम आहे."

 नानांनी टोपी घातली आणि ते गाडीचं पाहायला गेले.

सासूने मला दारात पाहिलं. घालवून देणं तिला जमलं नाही, कारण नाना उभे होते आणि गाव पाहत होता. मला मागची खोली मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाट, तेल, फणी आणि मलमाची डबी घेऊन पुढच्या ओट्यावर जाऊन बसले. घर रस्त्याला लागून होतं. विहिरीला जाणाऱ्या बायका, शेतात निघालेले गडी सगळे तिथूनच जायचे. मी पदर खाली घेतला, केस मोकळे सोडले, मांडीवर काळं फडकं पसरलं आणि सावकाश डोकं विंचरायला लागले. काळ्या फडक्यावर पांढरा भुगा पडत राहिला. मी कुणाशी बोलले नाही. त्या दिवसापासून रोज.

दुसऱ्या मुलीचा बाप आणि मामा घर पाहायला आले तेव्हाही मी तिथेच होते. बापाने बिचकत विचारलं, "आपण कोण?"

"मी पहिली," मी म्हटलं. "या, बसा. घर चांगलं आहे, दाणापाणी भरपूर आहे. फक्त तुमच्या मुलीच्या डोक्यात कधी कोंडा झाला तर इथे न्हावी बोलावतात. खांदे धरायला नवरा असतो."

ते चहा न घेता गेले. माझा नवरा आतल्या दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मला फार बरं वाटलं.

खरा घाव मात्र मला घालावाच लागला नाही. साऱ्या घराला लागेल असं सासू ज्या ज्या बाईला ओरडून सांगत होती, त्या सगळ्यांनी ते मनात धरून ठेवलं होतं. आता मी परत त्या घरात राहत होते, म्हणजे घराला लागलंच असणार. नणंद उपवर झाली होती. पाहुणे येत, ओट्यावर मला पाहत, शेजारी चौकशी करत आणि निरोप पाठवत की सध्या विचार नाही. एकाने तर मुलीचे केस सोडून दाखवा असं तोंडावर म्हटलं. नणंदेने केस सोडले. निर्मळ, काळेभोर केस होते. तरी नकारच आला. त्या दिवशी ती आत जाऊन खूप रडली. लोक म्हणतात, तिचा काय दोष, ती पोर होती. न्हावी आला तेव्हा मीही सतरा वर्षांची होते.

दोन पावसाळे असे गेले. एका सकाळी सासू ओट्यावर आली आणि पायरीवर टेकली. ती वाळली होती.

"मनी पोर घरमा बसी राहिनी," ती म्हणाली. "तू सांग ना लोकेस्ले, हाऊ रोग लागत नही म्हनीसन. तुले डाक्टरनी सांगेल शे ना?"

"सांगितलंय, आत्याबाई. पण माझं कोण ऐकणार? गाव तुमचं ऐकतं."

"मी काय करू?"

मी तेलाची वाटी तिच्याकडे सरकवली. "बाजाराच्या दिवशी, इथे, सगळ्यांसमोर माझ्या डोक्याला तेल लावा. काठीने नाही. हाताने."

ती उठून आत गेली. मला वाटलं, मरेल पण करणार नाही. बाजाराच्या दिवशी रस्ता माणसांनी भरला होता. ती आली, माझ्यामागे बसली आणि तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.  तिला खरोखर वाटत होतं की तिला रोग लागणार. लागत नाही हे मला माहीत होतं, तिला पटलेलं नव्हतं. पोरीसाठी ती तरीही बोटं घालत होती. हे मला कळत होतं. मी "पुरे" म्हटलं नाही. "कानामागे राहिलं," म्हटलं. "कपाळाच्या कडेला नीट लावा, तिथे बिब्बा लागला होता." बायका डोक्यावरची पाटी सावरत उभ्या राहिल्या होत्या. एका बाईने विचारलं, "अक्का, भीती नही वाटत का?" सासू म्हणाली, "लागत नही. मीच खोटं बोलनू व्हतू." तिचा आवाज रस्त्याच्या पलीकडे ऐकू गेला.

मी तिला दर आठवड्याला लावायला लावलं. तिला काही झालं नाही हे गावाने महिन्यामागून महिने पाहिलं. पुढच्या उन्हाळ्यात नणंदेचं लग्न चोपड्याच्या एका घरात जमलं आणि नीट पार पडलं. मांडवात सासूने मला पुढे बसवलं, हळद लावायला सांगितलं. तिला वाटलं होतं की आता हिशेब मिटला, सून घरची झाली. नवराही दोनदा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन घुटमळला होता.

वऱ्हाड गेल्यावर मी माझी पेटी भरली. सासू म्हणाली, "आते कथा जाई राहिनी?"

"जळगावला."

"परत कव्हय येशी?"

"येणार नाही. मी नांदायला आले नव्हते, आत्याबाई."

ती खांबाला टेकून उभी राहिली. मी गाडीत बसले आणि मागे पाहिलं नाही.

नवल असं की तिथे होते तोवर माझं डोकं ताब्यात होतं. जळगावला आले आणि महिन्याभरात असं भडकलं की उशीवर रक्ताचे डाग पडायला लागले. डॉक्टरांनी विचारलं, "कसली काळजी करतेस?" मी म्हटलं, "कसलीच नाही." ते खरं होतं, म्हणूनच मला समजेना. त्यांनी मलम बदललं. पुन्हा ताब्यात यायला थंडी सरावी लागली. तोवर मी मुलींच्या शाळेत खालच्या वर्गावर शिकवायला लागले होते. पहिल्याच दिवशी मी वर्गाला सांगून टाकलं की बाईंच्या डोक्याला काय झालं आहे, ते लागत नाही, आणि वास औषधाचा आहे.

महायुद्धाच्या दिवसांत, रॉकेल मिळत नव्हतं त्या साली, नवरा एकदा आमच्या दारात आला. उन्हाचा वेळ होता. जाड झाला होता. म्हणाला, "आई गेली. शेवटी तुझं नाव घेत होती. चल आता घरी."

मी त्याला पाणी दिलं. तो प्यायला. मग हळूच म्हणाला, "मी काय करणार होतो गं त्या वेळी?"

"खांदे सोडणार होतात," मी म्हटलं.

 मी दार लोटलं नाही, आत या असंही म्हटलं नाही. शेवटी त्याने भांडं उंबऱ्यावर ठेवलं आणि स्टेशनाच्या दिशेने चालायला लागला. पुढे त्याने दुसरं लग्न केल्याचं कळलं. मी त्या बाईला कधी पाहिलं नाही. तिला सुखात ठेवलं असेल तर माझी हरकत नाही. त्याला मात्र मी माफ केलेलं नाही.