बिंगो आणि आखाजीची घागर

भडगाव सोडलं तेव्हा घराला कुलूप मीच लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. शेजारची अक्का फाटकापर्यंत आली. "भाऊ, आखाजीले येशी ना?"

"येसूच," म्हटलं. बायको गेल्यापासून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिच्या नावाची घागर मीच भरतो. वर खरबूज, सांजोरी, आंबे.

आता पुण्यात, मुलाकडे. लिफ्ट कळली, पार्किंगची भांडणं कळली. एक शब्द कळेना. मुलगा आणि सून फोनवर इंग्रजीत लिहितात, त्यात मधूनच 'बिंगो'. शाळा चौथीत सुटली, पण पाट्यांवरून शिकलेली इंग्रजी अक्षरं लावून वाचतो मी. नातीला विचारलं.

"आबा, मुळात तो आकड्यांचा खेळ. पण आता शोधत होतो ते सापडलं की लिहितात. नाहीतर समोरच्यानं बरोबर ओळखलं की."

मग मी पाळतच ठेवली. सुनेचा चष्मा सापडला, बिंगो. मुलाला गाडी लावायला जागा मिळाली, बिंगो. इथवर ठीक. पण आखाजी जवळ आली तशी दोघांची कुजबुज वाढली. मी दिसलो की फोन उलटा. एकदा सुनेचा फोन टेबलावर उजळला. मुलाचा एकच शब्द होता, तोच. काय सापडलं याला? घराला गिऱ्हाईक, दुसरं काय! मी किल्ली चाचपून पाहिली.

संध्याकाळी मुलगा मातीची घागर घेऊन आला. "आबा, पुणं पालथं घातलं हिच्यासाठी. यंदा इथंच भरू."

घागर चांगली होती, वाजवून पाहिली. घर विकत नव्हते, तेही बरं. पण माझा संशय अगदीच वाया गेला नव्हता.

"म्हणजे मला गावाला न्यायचं नाही."

"ऊन फार आहे हो, आबा. मागच्या खेपेला चक्कर आली होती ना?"

"म्हणजे बरोबर ओळखलं. मग लिही ना तुझा तो शब्द!"

सून त्याला म्हणाली, "अहो, ते ऐकणारेत का? मध्यरात्रीच निघू, ऊन चढायच्या आत पोचू."

भडगावपर्यंत घागर मी मांडीवरच धरली. डिकीत ठेवू दिली नाही.

पुण्यात मी दूधवाल्यावर संशय घेतो, वॉचमनवर घेतो, पोटच्या पोरावरही घेतला. पण भडगावच्या घरात भरलेलं पाणी बायकोला पोचतं, याविषयी संशय कधी आला नाही. माझं घर आता तेवढंच.